फ्लाय बांधणी

फ्लाय बांधणी ही मासेमारीच्या गळावर पिसे, लोकर, केस, रेशीम, तार इत्यादी साहित्य दोऱ्याने बांधून कृत्रिम आमिष तयार करण्याची हस्तकला होय. असे आमिष कीटक, अळी, झिंगा किंवा लहान मासा यांचा भास निर्माण करते. त्याला इंग्रजीतील 'माशी' या अर्थाच्या शब्दावरून 'फ्लाय' हे नाव पडले. या आमिषाने केल्या जाणाऱ्या छंदात्मक मासेमारीस फ्लाय फिशिंग म्हणतात. महाराष्ट्रात हा छंद मर्यादित स्वरूपात आढळतो. तथापि फ्लायसाठी लागणाऱ्या पिसांच्या जागतिक इतिहासात सह्याद्रीतील रानकोंबड्याला महत्त्वाचे स्थान आहे. त्यामुळे या कलेची ओळख करून घेताना वन्यजीव संरक्षणाचा विचार अपरिहार्य ठरतो.

संज्ञा

मराठीत 'फ्लाय' या वस्तूस रूढ प्रतिशब्द नाही. 'माशी' हा शब्दशः अर्थ असला तरी 'मासा' या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे तो वाक्यात गोंधळ निर्माण करतो. शिवाय सर्वच फ्लाय माशीसारख्या नसतात. म्हणून छंदोपासक 'फ्लाय' हाच शब्द स्त्रीलिंगी वापरतात आणि ती तयार करण्याच्या कृतीस 'फ्लाय बांधणे' म्हणतात.

गळाच्या भागांना पुढीलप्रमाणे नावे देता येतात. दोरी ओवण्याचे छिद्र म्हणजे नेढे, सरळ भाग म्हणजे दांडी, वळणाचा भाग म्हणजे बाक आणि दांडी व टोक यांमधील अंतर म्हणजे गळाचे तोंड. टोकाजवळ मासा सुटू नये म्हणून असलेल्या टोचणीस उलटा काटा म्हणतात. फ्लायची सर्व मापे गळाच्या या भागांवरूनच ठरतात.

फ्लायचे वेगळेपण

गांडूळ, कणकेची गोळी किंवा धातूचे आमिष यांना स्वतःचे वजन असते. काठीच्या झटक्याने ते वजन दूर जाते व पाठोपाठ दोरी ओढली जाते. फ्लाय मात्र जवळजवळ वजनरहित असते. येथे वजन दोरीला असते. जाड, लेपित दोरी हवेत मागेपुढे खेळवून ती पाण्यावर सोडली जाते आणि तिच्या टोकाशी असलेली फ्लाय तिच्याबरोबर अलगद जाते. म्हणून फ्लाय हलकी, आटोपशीर आणि वारंवार फेकली तरी न सुटणारी असावी लागते. या तीन गरजांतूनच बांधणीचे बहुतेक नियम निर्माण झाले आहेत.

फ्लाय म्हणजे कीटकाची हुबेहूब प्रतिकृती असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात मासा वाहत्या पाण्यात क्षणभरच आमिष पाहतो. आकार, एकंदर बाह्यरेषा, छटा आणि विशेषतः हालचाल यांवर त्याचा प्रतिसाद अवलंबून असतो. पाण्यात हलणारे मऊ पीस हे कडक व रेखीव बनविलेल्या पायांपेक्षा अनेकदा अधिक परिणामकारक ठरते. नवशिक्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, कारण साधी पण घट्ट बांधलेली फ्लायही मासा पकडू शकते.

इतिहास

कृत्रिम फ्लायचा सर्वांत प्राचीन सुस्पष्ट उल्लेख रोमन लेखक इलियन याच्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात आढळतो. इ. स. २०० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात मॅसिडोनियातील लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधतात, असे वर्णन आहे. लोकर, कोंबड्याचे पीस आणि गळ हे तीन घटक आजच्या फ्लायमध्येही कायम आहेत.

इंग्लंडमध्ये १४९६ मध्ये छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका निबंधात बारा फ्लायची कृती दिलेली आहे. हा निबंध परंपरेने ज्युलियाना बर्नर्स हिच्या नावे सांगितला जातो. आयझॅक वॉल्टनचा 'द कंप्लीट अँग्लर' हा ग्रंथ १६५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटन याने फ्लायविषयीचा भाग जोडला. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचे शास्त्र फ्रेडरिक हाल्फर्ड याने १८८६ च्या ग्रंथात मांडले, तर पाण्याखालील अपक्व कीटकांच्या अनुकरणास जी. ई. एम. स्क्यूज याच्या १९१० च्या पुस्तकाने प्रतिष्ठा मिळवून दिली.

भारतात गळाने मासे पकडण्याच्या छंदाचे वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' या प्रकरणात आहे. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. माशांच्या जाती, त्यांना आकर्षित करणारे खाद्य, दोरी आणि काठी यांची माहिती त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. मानसोल्लासातील आमिषे खाद्यपदार्थांची आहेत. पिसांची कृत्रिम फ्लाय भारतात ब्रिटिश काळात आली. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याच्या 'द रॉड इन इंडिया' या १८७३ च्या पुस्तकाने भारतीय नद्यांतील, विशेषतः महासीर माशाच्या, छंदात्मक मासेमारीची पद्धतशीर मांडणी केली. पुढे काश्मीर, हिमाचल आणि निलगिरी येथील थंड पाण्यात ट्राउट मासा सोडण्यात आला व तेथे फ्लाय फिशिंग रुजले. महाराष्ट्रातील पाणी ट्राउटला मानवण्याइतके थंड नसल्याने येथे हा छंद उष्ण पाण्यातील माशांपुरताच राहिला.

प्रकार

फ्लायचे स्थूलमानाने चार प्रकार केले जातात.

कोरडी फ्लाय पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगते. तिच्याभोवती कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस गोल गुंडाळलेले असते व त्याच्या तंतूंच्या टोकांवर ती उभी राहते.

ओली फ्लाय पृष्ठभागाखाली बुडते. तिच्यासाठी कोंबडीचे मऊ पीस वापरतात.

निंफ ही कीटकाच्या पाण्यातील अपक्व अवस्थेचे अनुकरण करते. चतुर, मे-माशी इत्यादी कीटकांचे बहुतांश आयुष्य याच अवस्थेत, दगडाखाली किंवा गाळात जाते. त्यामुळे माशांच्या आहारात या अवस्थेचा वाटा मोठा असतो.

स्ट्रीमर ही लांबट फ्लाय लहान मासा, जळू किंवा झिंगा यांचा भास देते. ती पाण्यातून थांबत थांबत ओढली जाते.

नवशिक्याने स्ट्रीमरपासून आरंभ करावा, असे सामान्यतः सुचविले जाते. तिचा गळ मोठा असतो, साहित्य हाताळण्यास सोपे असते आणि मापातील लहानसहान फरकाने ती निरुपयोगी होत नाही. कोरड्या फ्लायमध्ये मात्र पिसाची लांबी थोडी चुकली तरी ती कलंडते.

साधने

आरंभी पुढील साधने पुरेशी होतात.

व्हाइस: गळाचा बाक घट्ट धरणारा छोटा शेगडा. तो टेबलाच्या कडेला आवळून बसविता येतो. जबडे गळ न सरकू देणारे असावेत. इतर सोयी दुय्यम आहेत. प्राचीन काळी गळ बोटांत धरूनच फ्लाय बांधली जात असे.

बॉबिन: दोऱ्याचे रीळ धरणारी चिमट्यासारखी दांडी. तिच्या नळीतून दोरा बाहेर येतो. हात सोडल्यावर बॉबिनच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो, हेच तिचे मुख्य कार्य होय.

कात्री: बारीक टोकाची व धारदार. तार कापण्यासाठी वेगळी, जुनी कात्री ठेवावी.

पिसाचा चिमटा: पिसाचे टोक धरून ते गळाभोवती फिरविण्यासाठी. स्प्रिंगचा लहान चिमटाही चालतो.

सुई: नेढ्यात अडकलेले तंतू मोकळे करण्यासाठी आणि वार्निशचा थेंब लावण्यासाठी. शिवणकामाची जाड सुई लाकडी मुठीत बसवून हे साधन घरी करता येते.

गाठ मारण्याचे हत्यार: शेवटची गाठ बोटांनीही मारता येते, म्हणून हे ऐच्छिक आहे.

याखेरीज डाव्या किंवा उजव्या बाजूने येणारा स्वच्छ प्रकाश आणि व्हाइसमागे एका रंगाचा कागद असल्यास डोळ्यांवर ताण येत नाही.

साहित्य

गळ: गळाचे क्रमांक उलटे चालतात. २ क्रमांकाचा गळ मोठा, तर २० क्रमांकाचा अत्यंत लहान असतो. शिकण्यासाठी लांब दांडीचा ८ किंवा १० क्रमांकाचा गळ सोयीचा ठरतो. गळ व्हाइसमध्ये बसविण्यापूर्वीच त्याचा उलटा काटा सपाट पकडीने दाबून टाकावा. त्यात गळ मोडला तरी श्रम वाया जात नाहीत, आणि पुढे मासा किंवा स्वतःचे बोट गळातून सहज सोडविता येते.

दोरा: पूर्वी रेशीम वापरत. आता नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा बारीक दोरा प्रचलित आहे. मोठ्या गळासाठी १४० डेनिअरचा, तर लहान गळासाठी ७० डेनिअरचा दोरा वापरतात. शिलाईचा सुती दोरा जाड असल्याने फ्लायचे डोके फुगते.

पिसे: कोंबड्याच्या मानेवरील व पाठीच्या मागील भागावरील लांब, निमुळती पिसे सर्वांत उपयुक्त होत. भारतातून निर्यात होणारे पाळीव कोंबड्यांच्या मानेचे पिसांसह कातडे जागतिक बाजारात स्वस्त व शिकाऊ वापरास योग्य म्हणून परिचित आहे. अमेरिकेत खास लांब व बारीक पिसांसाठी कोंबड्यांचे निवडक पैदासकेंद्र चालविले जाते. त्यांची पिसे कोरड्या फ्लायसाठी उत्तम परंतु महाग असतात. शेपटासाठी वापरले जाणारे 'मॅराबू' हे पूर्वी करकोच्याच्या एका जातीचे पीस होते; आज त्या नावाने पाळीव टर्कीचे मऊ पीस विकले जाते. पांढऱ्या कोंबडीच्या पोटाकडील भुरभुरीत पिसांनीही ते काम काही अंशी भागते.

मोरपिसाचे तंतू: मोराच्या पिसाऱ्यातील पिसाच्या दांड्याला असलेले हिरवट-तांबूस झळाळीचे तंतू फ्लायच्या धडासाठी जगभर वापरले जातात. ते ठिसूळ असल्याने तीन-चार तंतू दोऱ्याबरोबर एकत्र पिळून गुंडाळतात.

लोकर व केस: सशाचे केस मऊ असल्याने दोऱ्यावर सहज वळले जातात. दख्खनी मेंढीची, घोंगडीसाठी वापरली जाणारी लोकर भरड असते. ती बारीक कातरून मऊ लोकरीत मिसळल्यास मोठ्या निंफचे खरखरीत धड चांगले होते. लहान माशाच्या आकाराच्या फ्लायसाठी बकरीचे लांब केस वापरता येतात.

तार व जर: धडाभोवती वळसे देण्यासाठी तांब्याची बारीक तार लागते. विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानांत मिळणारी एनॅमलची तार यासाठी योग्य असते. इंग्लंडमधील फ्रँक सॉयर याने आपल्या प्रसिद्ध निंफमध्ये दोऱ्याऐवजी तांब्याचीच तार वापरली होती. वजनासाठी पूर्वी शिशाची तार वापरत. शिसे विषारी असल्याने ते टाळून तांब्याची तार किंवा पितळी मणी वापरणे इष्ट. चकाकीसाठी जरीचा पातळ धागा वापरतात. पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिक जिल्ह्यातील येवल्यात विणकरांच्या वापरातील रेशीम व जर हे पारंपरिक फ्लायमधील रेशमी व धातुमय धाग्यांच्याच जातीचे साहित्य आहे.

फोम: लेखनसाहित्याच्या दुकानात मिळणारा हस्तकलेचा पातळ फोम तरंगणाऱ्या फ्लायसाठी उपयोगी पडतो.

कच्ची पिसे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावीत व हवाबंद पिशवीत काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत. त्यामुळे कसर व उवा नष्ट होतात. पुढे ती नॅप्थलीनच्या गोळ्यांसह बंद डब्यात ठेवतात. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला होता. अशा साथीच्या काळात कोंबड्यांची कच्ची पिसे गोळा करू नयेत.

मूलभूत कौशल्ये

दोऱ्याचा ताण: संपूर्ण बांधणी दोऱ्याच्या ताणावर उभी असते. ताण कमी पडल्यास साहित्य गळाभोवती फिरते. अधिक झाल्यास दोरा तुटतो. दोरा तुटण्याची मर्यादा हाताला कळावी म्हणून आरंभी रिकाम्या गळावर काही वळसे देऊन तो मुद्दाम ताणून तोडून पाहतात. नंतर त्या मर्यादेच्या किंचित आत काम करण्याची सवय लावतात. नळीच्या तोंडापासून गळापर्यंतचा दोरा दोन-तीन बोटे एवढाच ठेवल्यास वळसे अचूक पडतात.

चिमटीचा सैल वळसा: साहित्य दांडीवर ठेवून बोटांच्या चिमटीत धरावे, दोऱ्याचा एक सैल वळसा चिमटीच्या आतून न्यावा आणि मग दोरा सरळ ओढून आवळावा. थेट घट्ट वळसा दिल्यास साहित्य दोऱ्याबरोबर पलीकडे सरकते.

लोकर वळणे: लोकरीचे अगदी थोडे तंतू दोऱ्यावर ठेवून अंगठा व तर्जनी यांमध्ये एकाच दिशेने वळतात. समईची वात वळणाऱ्या हाताला ही कृती परिचित वाटेल. लोकर अधिक घेणे ही येथील सर्वसामान्य चूक असते.

शेवटची गाठ: दोऱ्याचा फास करून त्याचे चार-पाच वळसे त्याच दोऱ्याच्या टोकावरून देतात व टोक ओढून फास बंद करतात. ही गाठ प्रत्यक्षात न दिसणारी व न सुटणारी असते. ती शिकेपर्यंत तीन-चार अर्ध्या गाठी एकामागे एक मारून वार्निश लावले तरी चालते.

पहिली फ्लाय: वुली बगर

वुली बगर हा स्ट्रीमरचा प्रकार अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रसेल ब्लेसिंग याने १९६७ मध्ये तयार केला, असे मानले जाते. जळू, झिंगा, चतुराची अळी किंवा लहान मासा यांपैकी कशाचाही भास ती देऊ शकते. तिच्या बांधणीत शेपूट, धड, तारेचे वळसे व गुंडाळलेले पीस ही चारही मूलभूत कामे येतात. त्यामुळे ती जगभर पहिला पाठ म्हणून शिकविली जाते.

साहित्य: लांब दांडीचा ८ क्रमांकाचा गळ, काळा किंवा ऑलिव्ह रंगाचा दोरा, त्याच रंगाचे मऊ पीस, शेनिल म्हणजे मखमली धागा किंवा जाड लोकर, कोंबड्याचे एक लांब पीस आणि तांब्याची तार.

१. गळाचा बाक व्हाइसमध्ये धरून दांडी आडवी ठेवावी. नेढे बोटाने किंचित दाबून गळ सरकत नाही याची खात्री करावी.

२. नेढ्याच्या मागे दोरा सुरू करून तो स्वतःवरच पाच-सहा वेळा गुंडाळावा व सुटे टोक कापावे. नंतर शेजारी शेजारी वळसे देत बाकाच्या आरंभापर्यंत जावे. हा दोऱ्याचा थर पुढील साहित्य घसरू देत नाही.

३. मऊ पिसाचा झुबका दांडीएवढा लांब मोजून शेपूट म्हणून बांधावा. पीस बोटाने ओले केल्यास मोजणे सोपे जाते. झुबक्याचा उरलेला भाग दांडीवरच नेढ्याच्या दिशेने बांधत न्यावा, म्हणजे धड एकसारखे होते.

४. शेपटीच्या मुळाशी प्रथम तार, मग कोंबड्याच्या पिसाचे टोक आणि शेवटी शेनिल बांधावे. पिसाच्या मुळाकडील भुरभुरीत भाग आधी काढून टाकावा.

५. दोरा पुढे आणून नेढ्यापासून सुमारे दोन नेढ्यांइतके अंतर मागे थांबावा. शेनिल एकास एक लागून वळसे देत पुढे आणावे, दोऱ्याने बांधावे व उरलेले कापावे.

६. पिसाचा दांडा चिमट्यात धरून पाच-सहा मोकळ्या वळशांनी पुढे आणावा आणि बांधावा. तंतू मागील बाजूस झुकलेले असावेत.

७. तार पिसाच्या उलट दिशेने, तंतूंमधून हलकेच नागमोडी नेत पुढे आणावी व बांधावी. माशाच्या दातांनी पिसाचा दांडा तुटला तरी ही तार पीस सुटू देत नाही.

८. दोऱ्याचे लहान, निमुळते डोके तयार करून शेवटची गाठ मारावी, दोरा कापावा आणि वार्निशचा एक थेंब लावावा. नखांना लावण्याचे पारदर्शक पॉलिशही चालते. नेढे बंद झाले असल्यास वार्निश वाळण्यापूर्वी सुईने मोकळे करावे.

तयार फ्लाय व्हाइसमधून काढून नखाने धड फिरवून पाहावे. ते फिरल्यास दोऱ्याचा ताण अपुरा होता असे समजावे. ही एकच फ्लाय एका मापात दहा-बारा वेळा बांधल्याने हात जितका बसतो, तितका दहा निरनिराळ्या फ्लाय एकेकदा बांधून बसत नाही.

प्रमाणे व नेहमीच्या चुका

कोरड्या फ्लायसाठी शेपूट दांडीएवढे, पंख दांडीएवढे आणि पिसाचे तंतू गळाच्या तोंडाच्या दीडपट, असे प्रमाण रूढ आहे. पीस बांधण्यापूर्वी ते गळाभोवती वाकवून तंतूंची लांबी पाहता येते.

नेढ्याजवळ जागा न उरणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी अडचण असते. तेथे गाठ बसत नाही व दोरी ओवता येत नाही. धड सुरू करण्यापूर्वीच डोक्याची जागा राखून ठेवणे हा त्यावरील उपाय होय. गरजेपेक्षा अधिक साहित्य, दोऱ्याचे अनावश्यक वळसे आणि बोथट कात्री या इतर नेहमीच्या चुका आहेत. फसलेली फ्लाय ब्लेडने सोलून काढावी. गळ पुन्हा वापरता येतो.

नाशिक परिसर व महाराष्ट्रातील उपयोग

गोदावरी त्र्यंबकेश्वर येथील ब्रह्मगिरीवर उगम पावते. नाशिक शहराच्या वरच्या बाजूस तिच्यावर गंगापूर धरण आहे. दारणा, कादवा या उपनद्या पुढे तिला मिळतात. या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ या संवर्धित जातींबरोबर मूळची आफ्रिकेतील तिलापियाही आढळते. तिलापिया लहान निंफ व छोटी वुली बगर घेते. मरळ हा शिकारी मासा काठच्या वनस्पतींत दबा धरून असतो. त्याच्यासाठी फोमची, बेडकासारखी तरंगणारी फ्लाय योग्य ठरते. कटला हा मुख्यतः सूक्ष्म प्लवकांवर जगत असल्याने फ्लायला क्वचितच प्रतिसाद देतो. त्यामुळे कोणती फ्लाय बांधावी हे ठरविण्यापूर्वी त्या पाण्यातील मासा काय खातो हे जाणणे आवश्यक असते. उथळ प्रवाहातील दगड उचलून त्याखालील अळ्या पाहणे आणि दगड पुन्हा जागेवर ठेवणे, हा त्याचा सोपा मार्ग होय.

दख्खनच्या नद्यांतील महासीर, म्हणजे मराठीत खडशी, हा फ्लायने पकडण्यास सर्वांत आव्हानात्मक मासा मानला जातो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या 'खुद्री' या शास्त्रीय नावाचे मूळ स्थानिक नावातच आहे. धरणे, प्रदूषण व बेसुमार मासेमारी यांमुळे त्याचे अनेक मूळ अधिवास नष्ट झाले. टाटा वीज कंपनीच्या लोणावळा येथील केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन केले गेले. या कार्यात मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचा वाटा मोठा होता. रायगड जिल्ह्यात महाडजवळील वाळणकोंड येथे हे मासे देवाचे मानून त्यांना श्रद्धेने अभय दिले जाते. महासीर मिळाल्यास तो पाण्याबाहेर फार काळ न ठेवता सोडून देण्याचा संकेत छंदोपासक पाळतात. उलटा काटा दाबलेला गळ यासाठीच आवश्यक ठरतो.

महाराष्ट्रात जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. म्हणून छंदासाठी गळ टाकण्यापूर्वीही संबंधितांची परवानगी घ्यावी लागते. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य असून त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. अशा संरक्षित क्षेत्रात छंद म्हणून गळ टाकू नये. पावसाळ्यात बहुतेक देशी मासे प्रजननासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्या काळात गळ टाळून फ्लाय बांधण्याकडे लक्ष देणे उचित ठरते.

पिसे आणि वन्यजीव संरक्षण

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सामन माशासाठी अत्यंत रंगीत फ्लाय बांधण्याची परंपरा विकसित झाली. तीत जगभरातील पक्ष्यांची पिसे वापरली जात. यांत भारतातील राखी रानकोंबड्याला विशेष मागणी होती. हा पक्षी सह्याद्रीत व दक्षिण भारतात आढळतो. त्याच्या मानेवरील पिसांच्या टोकांशी मेणासारखे चकचकीत, पिवळसर-पांढरे ठिपके असतात. फ्लायवर बांधल्यावर ते लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. या पिसांसाठी रानकोंबड्याची मोठ्या प्रमाणावर शिकार व निर्यात होत असे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारताने या निर्यातीस बंदी केली. पुढे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याच्या शिकारीस आळा घालण्यात आला. आज परदेशात या पिसांची गरज बंदिस्त पैदाशीच्या पक्ष्यांतून किंवा रंगविलेल्या कृत्रिम पर्यायांतून भागविली जाते.

दुर्मीळ पिसांच्या मोहाचे एक टोकाचे उदाहरण २००९ मध्ये घडले. इंग्लंडमधील ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून फ्लाय बांधणीचा छंद असलेल्या एका विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरली. त्यांत निसर्गवैज्ञानिक आल्फ्रेड रसेल वॉलेस याने गोळा केलेले नमुनेही होते. अनेक कातड्यांवरील नोंदींच्या चिठ्ठ्या काढून टाकण्यात आल्याने ती परत मिळूनही संशोधनास निरुपयोगी झाली. या प्रकरणानंतर फ्लायबांधकांमध्ये पिसांचा उगम तपासण्याविषयी व्यापक चर्चा झाली.

मोर हा भारताचा राष्ट्रीय पक्षी असून त्यास उपरोक्त अधिनियमात सर्वोच्च संरक्षण आहे. पावसाळ्यानंतर मोराचा पिसारा नैसर्गिकरीत्या गळतो. अशी गळालेली पिसाऱ्याची पिसे देशांतर्गत बाळगण्यास व विकण्यास कायद्याने सवलत दिली आहे; मात्र त्यांच्या निर्यातीस बंदी आहे. म्हणून मोरपिसाच्या तंतूंनी भारतात बांधलेली फ्लाय परदेशातील नातलगांना पाठविणे किंवा सोबत नेणे अडचणीचे ठरू शकते. नीलकंठ, खंड्या, तित्तिर इत्यादी वन्य पक्ष्यांची पिसे, जमिनीवर सापडलेली असली तरी, वापरू नयेत.

या मर्यादेमुळे शिकण्यात अडथळा येत नाही. पाळीव कोंबड्याचे पीस, लोकर, रेशीम व तांब्याची तार एवढ्यावर फ्लायचे बहुतेक सर्व मूलभूत प्रकार बांधता येतात. इलियनने वर्णिलेली मॅसिडोनियातील फ्लायदेखील लोकर व कोंबड्याचे पीस यांचीच होती.

सुरक्षितता

गळाचे टोक व्हाइसमध्ये उघडे राहते; दोरा गुंडाळताना बोट त्यावर जाणार नाही याची काळजी घ्यावी. वार्निश व गोंद हवेशीर जागीच वापरावेत. सुटलेले गळ जमिनीवर पडू नयेत म्हणून टेबलावर लहान चुंबक ठेवण्याची पद्धत आहे. लहान मुले सोबत असल्यास त्यांनी उलटा काटा दाबलेल्या मोठ्या गळावर, प्रौढांच्या देखरेखीखाली सराव करावा. फ्लाय फेकताना स्वतःच्या व इतरांच्या डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून चष्मा व टोपी वापरतात.